मामूंच्या सिनेमातला निरपराध

मामूंना जर्मन भाषेचा गंधही नव्हता, पण कुवेतच्या खैतान भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये जर्मन माणसांना मराठी बोलायला लावलं ते मामूंनीच! रत्नागिरीचा माणूस, सारी उमर कुवेतमध्ये अत्तराच्या दुकानात गेलेली. पडद्यावर इंग्रजी ओळी उमटायच्या, त्या वाचून मामू खुनी, पोलीस, बायका, सगळ्यांचे संवाद आपल्या बोलीत ठोकून देत. आम्ही बँका-आयटीतली मंडळी; इंग्रजी आम्हालाही वाचता यायचं. तरी शुक्रवारी दुपारी जेवण आटोपून त्यांच्या हॉलमध्ये जागा धरायला अक्षरशः पळायचो.

खुनाचे सिनेमे म्हणजे मामूंचा जीव की प्राण. पडद्यावर कुणी दाराला हात घातला की हे ओरडत, "नको जाव गो बाय, आत तो हाय!" हॉलमधल्या बायका किंचाळल्या की मामू खूश.

त्या शुक्रवारी महायुद्धानंतरचा एक जर्मन सिनेमा होता, हुकूमशाहीतल्या खुनांचा. काय सिनेमा होता! इन्स्पेक्टर खऱ्या खुन्याला पकडतो. पण आपल्या राज्यात असला माणूस वर्षानुवर्षं मोकाट होता, हे वरच्यांना कबूलच करायचं नसतं. मग भलत्याच निरपराधाच्या गळ्यात गुन्हा अडकवून प्रकरण मिटवायचं ठरतं. अगदी पुढे अन्वर बसला होता, मामूंच्या गावचा, मोबाइलच्या दुकानात कामाला. दुकानातले फोन गायब झाले होते आणि मालकानं आळ याच्यावर घेतला होता. "उद्या कबुलीवर सही करतो नि काय व्हायचा ता होऊ दे. मालकाशी भांडून कोन जिकलाय?" असं तो सकाळपासून म्हणत होता. इंग्रजी त्याला वाचता येत नव्हतं.

शेवट आला. पडद्यावर स्वच्छ लिहून आलं, त्या निरपराधाला मारून टाकलं. आणि मामू गरजले, "साहेब, मी केलाच नाय, मी सही करनार नाय! ... सोडला! सोडला रे त्याला!"

अन्वर सोडून खोलीतल्या सगळ्यांनी ओळ वाचली होती. तरीही एकानं टाळी वाजवली आणि हॉल नुसता दणाणला! अन्वर तर उभाच राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यानं सही केली नाही. मालक संतापला, शोधाशोध झाली, आणि फोन सापडले दुकानाच्याच दुसऱ्या शाखेच्या गोदामात. त्या संध्याकाळी आम्ही जिन्यातच पेढे वाटले.

मामू कायमचे गावी निघाले तेव्हा विमानतळावर मी विचारलंच, "मामू, सिनेमात तर त्याला मारलं होतं ना?"

"त्यांच्या राज्यात मेला तो," ट्रॉली ढकलत मामू म्हणाले, "म्हनून माझ्या घरात पन मारायचा काय?"