आतून कडी

छत्रीच्या टोकानं बाईसाहेबांनी माझी साडी ट्रंकेतून उचलली आणि बाजूला टाकली. मग दुसरी. मग परकर. तळाशी महिन्याचे कपडे धुऊन, घडी घालून ठेवले होते. तेही छत्रीवर आले आणि जमिनीवर उलगडून पडले.

दार उघडं होतं. बाहेर बोळात बारा बिऱ्हाडं उभी होती. बाया, बाप्ये, पोरं. त्यांच्या पेट्या बघून झाल्या होत्या, आता माझी पाळी होती.

"एक चादर कमी भरतेय," बाईसाहेब म्हणाल्या. "तुझ्यावर संशय नाही गं. पण सगळ्यांचं बघितलं आणि तुझं नाही, असं कसं चालेल?"

मी त्रेचाळीस वर्षांची होते. ते घर पाच वर्षं मी चालवत होते. कागदावर मला प्रमुख म्हणून लिहिलेलं होतं.

मी म्हणाले, "बघा."

हा शब्द मी उच्चारला, हे आधी सांगून टाकते. नाहीतर पुढचं सगळं वाचून कुणाला वाटायचं की मी पहिल्यापासून ताठ मानेची होते. नव्हते.

घर म्हणजे मुलुंडच्या पूर्वेला, मिठागरांच्या अलीकडे, लढाईच्या वेळचं एक पत्र्याचं गोदाम. फळ्या ठोकून त्याच्या बारा खोल्या केल्या होत्या. तेरावी, टोकाची, माझी. ज्यांची झोपडी पाडली, ज्यांची चाळ कोसळली, ज्यांना भाडं थकल्यावर बाहेर काढलं, अशी बिऱ्हाडं तिथं सहा महिने राहत. तेवढ्या वेळात काम शोधायचं, डोक्यावर दुसरं छप्पर शोधायचं आणि खोली पुढच्या बिऱ्हाडाला मोकळी करून द्यायची.

त्याआधी अकरा वर्षं मी एका गिरणीच्या पाळणाघरात होते. चाळीस तान्ही पोरं, त्यांची झबली, दुपटी, दुधाच्या वाट्या. एकीचं झबलं दुसरीच्या पोराला गेलं की बाया सुटल्यावर भांडत. म्हणून मी याद्या करायला शिकले. ती सवय घेऊन मुलुंडला आले. कोण कधी आलं, बरोबर काय होतं, आजारी कोण, शाळेत कोण जातं, कुणाला कुठं कामाला लावलं, सगळं माझ्या रजिस्टरात असे.

वर समिती होती. नऊ जण. वकील, डॉक्टर, दोन व्यापारी, बाकीचे पेन्शनीत निघालेले साहेब. अध्यक्ष स्वतः कधी येत नसत, त्यांच्या पत्नी येत. त्यांना सगळे बाईसाहेब म्हणत. माझी जात समितीला माहीत होती. महार बाई घर चालवते, हे वार्षिक अहवालात छापायला त्यांना आवडे. बैठक मात्र चिटणिसांच्या घरी असे. मी व्हरांड्यात बसून हिशोब सोडून बाकीचा अहवाल वाचत असे. ते खिडकी उघडी ठेवत, म्हणजे आत ऐकू जाई. पाच वर्षं मी खिडकीतून अहवाल वाचला आणि आवाज नीट पोचतो ना, याचीच काळजी केली.

भिंतीवर चौदा नियम होते. अक्षर माझं. सातवा नियम असा: खोलीला आतून कडी असणार नाही. कारण सांगितलं होतं दारू आणि जुगार. मला ते पटलं होतं. सुतार दारं बसवत होता तेव्हा, आतल्या कड्या नकोत, असं मीच त्याला सांगितलं. तेवढं काम लवकर आटोपेल, असंही मनात आलं होतं.

दर रविवारी नऊ वाजता समितीची तपासणी. मी पुढे. एकेक दार ढकलायचं आणि बाजूला व्हायचं. आत कुणी न्हात असे, कुणी लंगोटीवर असे, कुणी पोराला पाजत असे. मी म्हणायची, "चला, आवरा, साहेब आलेत." आवरायला मी त्यांना किती वेळ देत होते? दार ढकलण्याइतका.

तर ती चादर.

दिवाळीला चोवीस नव्या चादरी आल्या होत्या. मोजल्या तर तेवीस. रजिस्टर सगळा वेळ माझ्या काखेत होतं, ते उघडायला मी धजले नव्हते. ट्रंक रिकामी झाल्यावर मी पान काढून बाईसाहेबांबरोबर आलेल्या चिटणिसांपुढे धरलं. त्यांनी मोठ्यानं वाचलं.

"चादर एक. पार्वतीच्या मुलीबरोबर गेली."

पार्वती नऊ नंबरच्या खोलीतली. सावंतवाडीकडची. तिचा नवरा सखाराम अंधेरीला दगडाच्या खाणीवर होता. खाणीजवळच्या झोपड्या पाडल्या तेव्हा दोघं तान्ह्या मुलीला घेऊन आमच्याकडे आली. ती मुलगी दहा महिन्यांची होऊन आदल्या बुधवारी तापानं गेली. गुंडाळायला त्यांच्याकडे धड कपडा नव्हता. पार्वतीनं काही मागितलं नाही. कपाटातून चादर मी काढली, माझ्या हातानं पोरीला गुंडाळलं, आणि परत येऊन सगळ्यात आधी नोंद केली.

चिटणिसांनी पान मिटलं. बाईसाहेब म्हणाल्या, "मेलेल्या पोराला नवी चादर? जुनं काही नव्हतं?"

पार्वती चार हातांवर उभी होती. आटायचं राहिलेलं दूध होतं म्हणून छाती फडक्यानं आवळून बांधली होती. तिनं मान खाली घातली नाही. माझ्याकडे बघत राहिली.

चिटणीस वकील होते. त्यांनी तिथंच निकाल दिला. समितीला न विचारता वस्तू बाहेर गेली. माझी सेवा चांगली, म्हणून माझ्याकडे या खेपेला काणाडोळा. पार्वतीच्या बिऱ्हाडानं पुढच्या रविवारपर्यंत खोली सोडावी. त्यांचे अजून दोन महिने बाकी होते.

चादर मी दिली आणि खोली तिची गेली. गाडी गेल्यावर कपडे गोळा करून परत घड्या घातल्या.

दुपारी पार्वती आली. मला वाटलं रडेल, गयावया करेल. मी तोंडात धीराचे शब्द तयार ठेवले होते. ती उंबऱ्यावर बसली आणि सावकाश म्हणाली,

"तुझी पेटी उघडल्यानी तेव्हा तुका लाज वाटली. आमची दर आयतवाराक उघडतत. आणि दार ढकलतंस तू."

एवढंच. उठली आणि गेली.

माझ्याकडे सगळ्याची यादी होती. ही नव्हती. पाच वर्षांतले रविवार, बारा दारं. मी मोजायला बसले आणि थांबले. बाईसाहेबांनी एकदा माझं दार ढकललं तर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. लहानपणी आई गिरणीच्या साहेबाच्या बंगल्यावर झाडलोट करायची. मागच्या खोपटात आम्ही राहत होतो. मालकीण केव्हाही आत यायची, मडकी हलवून बघायची. आई उभी राहायची, पदर सावरत. मी तेव्हा ठरवलं होतं, शिकेन, मोठ्या जागी बसेन. बसले. आणि त्या मालकिणीचं काम करायला लागले.

सोमवारी सकाळी स्टेशनजवळच्या लोखंडी सामानाच्या दुकानात गेले. तेरा कड्या मागितल्या, कोयंडे आणि स्क्रूसकट. दुकानदार म्हणाला, "तेरा? नवीन चाळ बांधता काय, बाई?" मी म्हटलं, चाळ जुनीच आहे, माणसं नवीन व्हायची आहेत. तो हसला. मी हसले नाही.

सखारामनं बुधवारपर्यंत सगळ्या कड्या बसवल्या. सातव्या नियमावर मी काट मारली, खाली सही केली. त्या दुपारी चार नंबरची सखूबाई कडी लावून दोन तास आत होती. काही झालं की काय म्हणून मी हाक मारली. आतून म्हणाली, "काही नाही गं ताई. बसलेय नुसती."

रविवारी समिती आली. मी बोळाच्या तोंडाशी स्टुलावर बसले होते. उठले, नमस्कार केला, पुढे झाले नाही. बाईसाहेबांनी पहिलं दार ढकललं. हललं नाही. परत ढकललं. आतून म्हाताऱ्याचा आवाज आला, "कोण हाय?" त्या मागं सरकल्या. दुसरं दार, तिसरं. सगळी बंद.

"उघडायला सांग त्यांना," त्या मला म्हणाल्या.

"तुम्हीच विचारा. आत माणसं आहेत."

चिटणीस नऊ नंबरपाशी गेले. त्या बिऱ्हाडाच्या मुदतीचा तो शेवटचा दिवस होता. त्यांनी बोटानं दार वाजवलं. वाजवायचं कसं ते त्यांना येत होतं, आजवर इथं वाजवलं नव्हतं इतकंच.

"कोण आसा?" पार्वतीनं विचारलं.

"समिती."

"समिती म्हंजे कोण? नाव सांग."

चिटणीस खाकरले. नाव न सांगताच ते वळले. बाईसाहेब गाडीकडे निघाल्या होत्या.

मंगळवारी चिटणीस एकटेच आले. आवाज मऊ होता. म्हणाले, "बाई, एका बिऱ्हाडापायी अकरा बिऱ्हाडं रस्त्यावर आणू नका. कड्या काढा, त्या बाईला जाऊ द्या, बाकी सगळं मी सांभाळतो."

खोटं बोलत नव्हते ते. म्हणूनच मी सगळ्यांना बोळात बसवलं आणि त्यांचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं. दोन नंबरचा गोविंद, चार पोरांचा बाप, उठून उभा राहिला. "तुमच्या मानापायी आमची वाट लागणार, ताई. कडी काय शिजवून खायची?" त्याचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. पार्वती म्हणाली, आम्ही जातो. सखारामनं बोचकं बांधायला घेतलं होतं.

मी म्हटलं, नाही. गुन्हा असेल तर तो माझा आहे. आज हिचं नाव खोडलं तर उद्या कुणाचंही खोडता येईल, आणि खोडणारी मीच असेन. ज्यांना राहायचं त्यांनी कडी काढून माफीचा कागद द्यावा, मी लिहून देते. माझं अक्षर चांगलं आहे. ज्यांना नाही लिहायचा, त्यांच्याबरोबर मी बाहेर पडेन.

चार बिऱ्हाडांनी कागद दिला. चारही कागद मी लिहिले, त्यावर अंगठे घेतले. आठांनी दिला नाही. महिनाअखेर जागा सोडायची नोटीस आली. तीत लिहिलं होतं, किल्ल्या आणि रजिस्टर समितीच्या हवाली करावं. किल्ल्या दिल्या. रजिस्टर दिलं नाही. कुणाची बाई का पळाली, कुणाचा नवरा तुरुंगात का आहे, कुणाची जात काय, सगळं त्यात होतं. ते लोकांनी मला सांगितलं होतं, समितीला नाही.

आता आम्ही घाटकोपरच्या टेकडीच्या उतारावर आहोत. बांबू, पोती, पत्र्याचे तुकडे. हे सुखाचं आहे असं कुणी समजू नये. पाणी अर्ध्या मैलावरून आणावं लागतं. गोदामात "कोण हाय" विचारणारा म्हातारा इथल्या पहिल्याच थंडीत खोकून खोकून गेला. तिथं असता तर कदाचित जगला असता. हे मी स्वतःपासून लपवत नाही. पार्वती खडी फोडायला जाते. गोविंद एकदा बाजारात भेटला, त्याची पोरं धष्टपुष्ट दिसली. त्यानं मान वळवली. मीही हाक मारली नाही.

तरी बिऱ्हाडं येतात. आठांची चौदा झाली. मागच्या महिन्यात सगळ्यांनी बसून कोण प्रमुख ते ठरवलं. माझं नाव निघालं, पार्वतीनं मोडता घातला. म्हणाली, सहा महिन्यांनी परत विचारायचं, बरी वागली तर ठेवायची. तसंच ठरलं.

पालिकेची माणसं दोनदा येऊन सगळं पाडून गेली. दोनदा आम्ही उभं केलं. येत्या आठवड्यात तिसऱ्यांदा येणार, असं कळलंय. अधिकारी बरा माणूस आहे म्हणतात. नावं, गावं, जाती लिहून द्या, मग वर विचार करता येईल, असा त्याचा निरोप आहे. यादी तयार आहे. ती आधी चौदा बिऱ्हाडांपुढे वाचली जाईल. एकानंही नको म्हटलं तर मिळणार नाही.

मग पाडा. दुसऱ्या दिवशी परत बांधू. बांबू मोजून ठेवलेत.