एक तारखेचं पत्र

जुन्नरच्या आमच्या शाळेतल्या माजी विद्यार्थ्यांची ईमेल-यादी मी अकरा वर्षं सांभाळतो आहे. कुणीही यादीला मेल लिहिली की ती सगळ्यांना पोचते, एवढंच तिचं काम. सभासद दोनशे चौदा. त्यांतले दोनशे तेरा विद्यार्थी, आणि एक आमचे गणिताचे सर. निवृत्तीनंतर ते मढला, आपल्या भातशेतीवर राहायला गेले होते.

यादीचा जुना प्रोग्रॅम दर महिन्याच्या एक तारखेला प्रत्येकाला आपोआप मेल पाठवायचा. तुम्ही या यादीत आहात, हा तुमचा पासवर्ड. इंग्रजीत चार ओळी. त्या कुणी वाचत नसे. सर मात्र उत्तर लिहीत, आणि ते माझ्याकडे येई. "पत्र पोचले. मागील महिन्यात पाऊस ६१२ मिलिमीटर. लावणी आटोपली. सर्वांस आशीर्वाद." पत्र आलं की पोच द्यायची, हा त्यांचा शिरस्ता. ते पत्र मी लिहीत नाही, मशिन पाठवतं, हे मी त्यांना सांगितलं नाही. आधी संकोच वाटला, मग राहूनच गेलं. मी स्वतः त्यांना उलट लिहिलं ते अकरा वर्षांत दोनदा.

मागच्या वर्षी सर्व्हरवाल्यांनी कळवलं की हा प्रोग्रॅम पायथन या कॉम्प्युटर-भाषेच्या ज्या जुन्या आवृत्तीवर चालतो, ती ते काढून टाकणार आहेत. नवा प्रोग्रॅम बसवणं भाग होतं. मे महिन्यातले तीन रविवार मी अवसरीच्या घरी त्यात घातले. जुन्या मेल होत्या ९,३४८. नव्यात आल्या ९,३४७. ती एक शोधायला अख्खा दिवस गेला, पण सापडली. सभासदही २१४ चे २१४ आले. नवा प्रोग्रॅम एक तारखेची मेल पाठवत नाही; पासवर्ड असा मेलने पाठवणं धोक्याचं, असं माहितीत लिहिलं होतं. वाचून मला पटलं.

बायको म्हणाली, "एवढा जीव काढताय, पण वाचतं कोण? सगळी तर व्हॉट्सअ‍ॅपवर गेली." खरं होतं. यादीवर सहा-सहा महिने मेल येत नव्हती.

सरांची पोच थांबली, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

डिसेंबरात यादीवर मेल आली, ती सर गेल्याची. दशक्रियेला जाणं जमलं नाही. पुढच्या रविवारी मढला गेलो. सरांच्या पत्नी, आम्ही त्यांना काकू म्हणायचो, दारात नाचणी पाखडत होत्या.

"तुमीच व्हय ते एक तारखेला पत्र धाडणारं?" त्यांनी विचारलं. "लई चिडवायचो आमी त्यांना. त्या दिवशी दाढी करून कंपुटरपुढं बसायचे. म्हनायची मी, मास्तर, कुणाची चिठ्ठी यायचीय एवढं नटून?"

त्या हसल्या. मग सुपात बघत म्हणाल्या, "मधी बंद झालं ना ते. तीन म्हैने वाट बघितली. म्हनलं, फोन करून इचारा. तर न्हाई म्हनले. नाव कमी केलं असंल म्हनले पटावरनं. पोरांच्या यादीत मास्तर कशाला, म्हनले."

मी सगळं सांगितलं. पत्र मशिन पाठवत होतं, मशिन बदललं, नाव कुणी काढलं नाही.

"मंग व्हतं का नाव?"

"होतं काकू. अजून आहे."

"येवढंच कळवायचं व्हतं त्यांना, भाऊ."

सूप बाजूला ठेवून त्यांनी आत नेलं. कॉम्प्युटरवर टॉवेल टाकला होता. शेजारी भिंतीवर कॅलेंडर, त्यात रोजचा पाऊस पेन्सिलने लिहिलेला आणि प्रत्येक महिन्याखाली बेरीज. पत्र बंद झाल्यावरही त्यांनी बेरजा थांबवल्या नव्हत्या. मेपासून नोव्हेंबरपर्यंत सात होत्या. नोव्हेंबरखाली शून्य, तेही लिहिलेलं. मी सातही उतरवून घेतल्या आणि सवयीने पडताळून पाहिल्या. एकही चुकली नव्हती.

घरी आल्यावर ते आकडे यादीला पाठवले. मेल २१४ पत्त्यांवर गेली, त्यांत सरांचाही पत्ता होता.

पोच चौघांनी दिली.