किल्ली कुणाची, किल्ली कुणाला

डोइनाने पेन खाली ठेवलं आणि सही करायला नकार दिला.

आम्ही तिघं एका रोबोच्या पिंजऱ्यासमोर उभे होतो. मी, माझे बॉस हेर ब्रांट आणि डोइना. जर्मनीत नेकारसुल्मच्या आसपास गाड्यांचे सुटे भाग बनवणारे बरेच कारखाने आहेत, त्यातलाच हा एक. आमची फर्म अगदी छोटी. कामगाराने पुढची कृती काय करायची ते दाखवणारे स्क्रीन आम्ही बनवायचो. या कारखान्यात रोमानियाहून आलेले कामगार वाढले होते, म्हणून सूचना रोमानियन भाषेतही हव्या होत्या. ते काम माझ्याकडे होतं. डोइना तिथे शिफ्ट लीडर होती, स्वतः रोमानियन, जर्मन उत्तम बोलायची. तिने ‘फ्रायगाबे’ दिल्याशिवाय, म्हणजे मंजुरीची सही केल्याशिवाय, स्क्रीन चालू होणार नव्हते.

स्क्रीनवर ओळ होती: ‘प्रेदात्स केये ओपेरातोर मेकानिक’.

“याचा अर्थ काय होतो माहितीय?” डोइनाने मला विचारलं. “द्या. किल्ली. ऑपरेटर. मेकॅनिक. बस, एवढाच.”

ही सूचना साधी नव्हती. रोबो बिघडला की मेकॅनिक पिंजऱ्याच्या आत जातो. त्या आधी ऑपरेटरने आपल्याकडची किल्ली मेकॅनिकला द्यायची असते. किल्ली त्याच्या खिशात असेपर्यंत बाहेरून कुणी रोबो चालू करू शकत नाही. ती बाहेर राहिली, तर आतल्या माणसाचं काय होईल ते सांगायला नको.

डोइनाने तिच्या दोन माणसांना बोलावलं. रोबोची वीज तोडलेलीच होती. दोघांना वेगवेगळं उभं करून तिने स्क्रीन दाखवला. पहिल्याने किल्ली मेकॅनिकला दिली. दुसऱ्याने ती शांतपणे स्वतःच्या खिशात टाकली.

“ऑपरेटर-मेकॅनिक,” तो म्हणाला. “दोन्ही कामं करणारा. म्हणजे मीच ना?”

हेर ब्रांट वैतागले. “जर्मनमध्ये चालतंय, इंग्लिशमध्ये चालतंय. रोमानियनमध्ये काय अडलं?”

“शब्दांचे शेवट नाहीत,” डोइना म्हणाली. “यांनी शेवट कापून टाकलेत.”

ऑफिसात येऊन मी भाषांतराची एक्सेल फाइल उघडली. आमचा प्रोग्रॅम तुकडे जोडून वाक्य बनवायचा: क्रिया, वस्तू, कुणाची, कुणाला. जर्मनमध्ये ‘ला’साठी ‘आन’ हा सुटा शब्द वापरता येतो. तो मध्ये टाकला की काम झालं. रोमानियनमध्ये तसं नाही. ‘मेकानिक’ म्हणजे मेकॅनिक. ‘मेकानिकुल’ म्हणजे तो ठरावीक मेकॅनिक. ‘मेकानिकुलुय’ म्हणजे त्या मेकॅनिकचा किंवा त्या मेकॅनिकला. सगळं शब्दाच्या शेपटीला. आपल्याकडे विभक्तीचे प्रत्यय लागतात तसंच.

फाइलमध्ये ‘आन’समोरचा रकाना भाषांतरकाराने रिकामा ठेवला होता. शेजारी शेरा होता: ‘वेगळा शब्द नाही. नामाच्या शेवटात येतो. कुठलं नाम ते कळवा.’ तो मी वाचलाच नव्हता. रिकामा रकाना रिकामाच धरून मी पुढे गेले होते.

मी जाऊन हेर ब्रांटना सरळ सांगितलं.

“आल्झो, म्हणजे चूक तुझी,” ते म्हणाले. रागावले नाहीत, हे जास्त लागलं. “कामगारांची नवी बॅच दोन आठवड्यांनी येतेय. जमेल?”

“जमवते.”

जमवायचं कसं ते माहीत नव्हतं. यादीत चारशेच्या वर नामं होती. भाषांतराची एजन्सी म्हणाली, महिना लागेल. शेवटी डोइना शिफ्ट संपल्यावर अर्धा तास द्यायला तयार झाली. आम्ही कँटीनमध्ये बसायचो. ती काळी कॉफी प्यायची आणि मला एकेक शब्द चालवून दाखवायची. पहिल्या दिवशी अकरा शब्द झाले.

पुल्लिंगी शब्द बरे होते. शेवटी ‘उलुय’ लावलं की बहुतेक वेळा भागायचं. नपुंसकलिंगीही एकवचनात त्यांच्याच मागून जायचे. स्त्रीलिंगी शब्द मात्र आतून बदलायचे. टेबलाला म्हणायचं ‘मासं’, ‘ते टेबल’ म्हणजे ‘मासा’. इथे मला हसू आलं आणि तिला आपला मासा समजावून सांगावा लागला. पण ‘त्या टेबलाचं’ म्हणायचं असेल तर ‘मेसेय’. सुरुवातीचा ‘मा’ गेला कुठे?

“असंच असतं,” डोइना म्हणाली. “आम्ही विचार करत नाही. आई बोलायची तसं बोलतो.”

घरी त्या दिवसांत माझे सासरे आलेले होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. चिपळूणच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर मराठी शिकवलं होतं. सासूबाई गेल्यानंतर त्यांनी एकटं राहू नये म्हणून आम्ही त्यांना तीन महिन्यांसाठी आणलं. हिवाळ्याचे दिवस. माझा नवरा कामासाठी प्रवासात. माझ्या मुलीला आजोबांचं मराठी समजायचं, पण उत्तर ती जर्मनमध्ये द्यायची. आणि मी? लग्नाला चौदा वर्षं झाली होती आणि आमचं बोलणं ‘अण्णा, अजून एक पोळी वाढू?’ आणि ‘नको’ एवढंच. ते खिडकीत बसून समोरून जाणाऱ्या ट्राम मोजायचे. मला वाईट वाटायचं, पण काय बोलावं ते सुचायचं नाही.

शनिवारी दुपारी मी यादीचे कागद जेवणाच्या टेबलावर पसरले होते. कपडे वाळत घालून परत आले तर अण्णा चष्मा लावून त्यावर वाकलेले. हातात पेन्सिल.

“अगं मृणाल, ही कुठली भाषा?”

“रोमानियन. ऑफिसचं काम आहे, अण्णा. किल्ली देण्याच्या सूचनेसाठी कारखान्यातल्या एक बाई शब्द सांगताहेत.”

“या टेबलाचं बघ. मासं होतं, त्याचं मेसेय झालं. हे सामान्यरूप आहे.”

सामान्यरूप हा शब्द मी शाळेनंतर पहिल्यांदाच ऐकत होते. प्रत्यय लागण्याआधी शब्द जरा वाकतो, ते त्याचं सामान्यरूप. घोडा, पण घोड्याला. माणूस, पण माणसाला.

“भिंत. अनेकवचन सांग,” अण्णा म्हणाले. आवाज एकदम वर्गातला.

“भिंती.”

“आता एकाच भिंतीवर खिळा ठोकायचाय.”

“भिंतीवर.”

“एकच आहे ना? मग ‘भिंतवर’ का नाही म्हणालीस?”

बेचाळीस वर्षं मराठी बोलत होते आणि हे कधी लक्षात आलं नव्हतं. भिंत, भिंती, भिंतीला. विहीर, विहिरी, विहिरीला. एकाच भिंतीला प्रत्यय लावायचा, तरी त्या आधी शब्द अनेकवचनासारखा होतो.

“तुझ्या यादीत हा रकाना अनेकवचनाचा दिसतोय,” अण्णांनी बोट ठेवलं. “आणि इथे f लिहिलंय ते स्त्रीलिंग असणार. त्या बाईंनी दिलेले शब्द याच्याशी ताडून बघ.”

मी ताडून बघितलं. एक टेबल मासं, अनेक टेबलं मेसे, टेबलाचं मेसेय. प्रेस मशीन म्हणजे प्रेसं, अनेकवचन प्रेसे, त्या प्रेसचं प्रेसेय. सगळीकडे तेच. अनेकवचन घ्यायचं आणि पुढे एक ‘i’ जोडायचा. आणि अनेकवचनं आमच्याकडे आधीपासून होती, कारण साठ्याच्या स्क्रीनवर ‘एक खिळा, वीस खिळे’ असं लिहावं लागायचं. म्हणजे नवीन रूपं एकेक विचारत बसायची गरजच नव्हती. प्रोग्रॅमने बनवायची, डोइनाने फक्त तपासायची.

मी अण्णांना काही म्हणायच्या आत ते पुढे गेले होते. “षष्ठी आणि चतुर्थीचं रूप एकच आहे का गं यांच्यात? ‘चा’ आणि ‘ला’ एकच?”

“हो.”

“मग घोटाळा होणार. किल्ली कुणाची आणि किल्ली कुणाला, हे वाचणाऱ्याला कळणार कसं? बाईंना विचार.”

त्या संध्याकाळी जेवताना आम्ही पहिल्यांदा सलग तासभर बोललो. ते शाळेतल्या मुलांचं सांगत होते. कोण ‘पाणीला’ लिहायचा, कोण ‘भाऊला’. नावं अजून पाठ होती.

बुधवारी डोइनाची शिफ्ट दोनला संपली आणि ती आमच्या घरी आली. अण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी चहा ठेवला आणि दुभाषी म्हणून मध्ये बसले. अर्ध्या तासात माझी गरज उरली नाही. अण्णा शब्दावर पेन्सिल टेकवायचे आणि भुवया वर करायचे. डोइना मान हलवायची, नाहीतर खोडून नीट लिहायची. तीनशे शब्द मान हलवून पार पडले.

मग बॅटरीचा शब्द आला. तिच्या अनेकवचनाच्या शेवटी आधीच दोन ‘i’ होते. आमच्या नियमाने तिसरा जोडला होता. डोइना इतकी हसली की चहा सांडला. असे शब्द अनेकवचनावरून बनत नाहीत म्हणाली. मूळ शब्द घ्यायचा आणि त्यालाच ‘i’ लावायचा. अण्णांनी वहीत ‘अपवाद’ असं लिहिलं आणि खाली रेघ मारली. नियम मोडला याचं दुःख तर सोडाच, त्यांना आनंदच झालेला दिसला.

मी किल्लीचा प्रश्न विचारला. डोइना म्हणाली, “घेणाऱ्याला क्रियापदाच्या लगेच मागे ठेव. मग कुणी चुकणार नाही.” तिने लिहून दिलं: ‘प्रेदात्स मेकानिकुलुय केया ओपेरातोरुलुय’. द्या मेकॅनिकला किल्ली ऑपरेटरची. दोन्ही शब्दांना तोच शेवट, पण जागेमुळे अर्थ पक्का.

जाताना अण्णांनी मला विचारायला सांगितलं, “यांच्यात संबोधन आहे का? हाक मारताना शब्द बदलतो का?”

“बदलतो की,” डोइना म्हणाली, आणि त्यांच्याकडे वळून, “दोम्नुले प्रोफेसोर!” अहो सर, असंच काहीसं. ‘दोम्नुल’चं हाक मारताना झालेलं ‘दोम्नुले’.

अण्णांनी ते दोनदा म्हणून पाहिलं. मग म्हणाले, “आमच्यात ‘मुलांनो!’” मोठ्याने म्हणाले, समोर वर्ग बसला असावा तसे. आणि एकदम चष्मा काढून पुसायला लागले. मी कप उचलून स्वयंपाकघरात गेले.

ऑफिसात हेर ब्रांटनी नवी यादी बघितली. “हा अनेकवचनाचा नियम तुला कुणी सांगितला?”

“माझ्या सासऱ्यांनी.”

“ते रोमानियन आहेत?”

“नाही. चिपळूणचे.”

ते पुन्हा यादीकडे वळले.

नवी बॅच यायच्या चार दिवस आधी आम्ही पुन्हा पिंजऱ्यासमोर उभे राहिलो. या वेळी डोइनाने पाच माणसं बोलावली, एकेकाला. पाचही जणांनी किल्ली मेकॅनिकच्या हातात दिली. मागच्या वेळी ती खिशात टाकणारा शेवटी आला. त्याने वाचलं, किल्ली दिली आणि डोइनाला रोमानियनमध्ये काहीतरी म्हणाला.

“काय म्हणाला?”

“म्हणतो, आता माणसासारखं बोलतंय.” तिने सही केली.

अण्णा मार्चमध्ये परत गेले. त्यानंतर रविवारी फोन आला की ते आधी माझ्याशी बोलायचे, मग मुलाशी. बहुतेक वेळा कुठल्यातरी शब्दाबद्दल. जर्मनमध्ये चतुर्थी कशी करतात, हंगेरियनमध्ये काय आहे, म्हणे खूप प्रत्यय आहेत, खरं का? मी वाचून ठेवायचे, रविवारची वाट बघायचे. असं तीन वर्षं चाललं. मग एका सकाळी त्यांच्याऐवजी माझ्या नणंदेचा फोन आला. अण्णा गेले होते.

डोइना आता रोमानियात तिच्या गावी असते, मुलीकडे. ईस्टरला आणि दिवाळीला आम्ही एकमेकींना मेसेज करतो. हेर ब्रांट निवृत्त झाले. त्या कारखान्यातले स्क्रीन अजून तेच आहेत. मध्ये एकदा अपडेटसाठी गेले होते, तर एक नवी मुलगी ती ओळ वाचून किल्ली देत होती, इतक्या सहजपणे की तिला आपण वाचतोय हेही जाणवत नसावं. मी तिथे गरजेपेक्षा जरा जास्त वेळ उभी राहिले.

हल्ली नवीन भाषा जोडायची असली की मॅनेजर विचारतात, किती दिवस लागतील. एस्टिमेटच्या पहिल्या ओळीत मी प्रोग्रॅमिंगचे तास लिहीत नाही. त्या भाषेत वाढलेला माणूस आमच्याबरोबर किती तास बसेल, ते लिहिते. तो आकडा मिळेपर्यंत बाकीचे रकाने मी भरत नाही.