परतूर बोललं त्या दुपारी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. माझी बायको स्वतःची एक चूक चारचौघांत रंगवून सांगते आणि सगळ्यांना हसवते. ती चूक तिची नाही, माझी आहे.

मी जालना एमआयडीसीत एका रोलिंग मिलचं नेटवर्क सांभाळतो. बायको जवळच्याच बियाण्यांच्या कारखान्यात नोंदी टाकायची. तिथला नेटवर्कचा माणूस सोडून गेला, तेव्हा ती साहेबांना म्हणाली, "मी शिकते, मला करू द्या." साहेब म्हणाले, आधी प्रात्यक्षिक दाखवा, मग बघू.

सरावाला राउटर कुठून आणायचे? मिलमधल्याला हात लावावा तर वजनकाटा बंद पडायची भीती. राउटर म्हणजे एका जागेचं नेटवर्क दुसऱ्या जागेशी जोडणारी पेटी. त्या पेटीतलं सॉफ्टवेअर एका फाइलीत मिळतं, तिला इमेज म्हणतात. ती संगणकावर चालवली की अगदी खऱ्या पेटीसारखी वागते. तशा तीन मी आमच्या लॅपटॉपवर चढवल्या.

नावं तिनं दिली. मधला जालना, म्हणजे आम्ही. एका बाजूला पिंपळगाव रेणुकाई, तिचं माहेर. दुसऱ्या बाजूला परतूर, तिच्या बहिणीचं सासर. लॅपटॉप इतका तापायचा, की तिनं तो पालथ्या परातीवर ठेवला. "यावर भाकर टाकू का?" म्हणायची. इतक्या वर्षांच्या संसारात एका पडद्यात दोघांनी डोकं घालून बसायची ती आमची पहिलीच वेळ. मी बोलायचो कमीच, पण रविवारची वाट बघायला लागलो होतो.

अशाच एका रविवारी मेहुणा आला.

"दाजी, काय चालू हाय?"

"तुझं गाव परतूरला जोडून राह्यलो."

जालन्याहून दोन्हीकडे निरोप जात होता. पिंपळगावहून परतूरला मात्र काही केल्या पोचत नव्हता.

"अहो, पिंपळगाव परतूरशी बोलून न्हाई राह्यलं," बायको म्हणाली.

"लग्नातल्या आहेराचं असंल," मेहुणा म्हणाला. "ते भांडण कुठं मिटलंय अजून!"

ती पोट धरून हसली. मग तिनं राउटरमध्ये स्वतः भरलेले सगळे आकडे पुन्हा तपासले. बरोबर होते.

"दाजी बसलेत ना, ताई. त्यांचं काही चुकत न्हाई," मेहुणा म्हणाला, आणि मोबाइल बघत बसला.

ती चहा ठेवायला उठली आणि घोळ माझ्या लक्षात आला. मी आधी एकच राउटर तयार केला होता आणि त्याच्याच कॉपी काढून तिला दिल्या होत्या. प्रत्येक राउटर शेजाऱ्याला आपली ओळख एका क्रमांकानं सांगतो. तिघांचाही तो क्रमांक एकच राहिला होता. समोरचा आपलंच नाव सांगायला लागला, तर त्याच्याकडून रस्ता कोण समजून घेईल? मी गुपचूप दोन क्रमांक बदलले, राउटर पुन्हा सुरू केले.

ती कप घेऊन आली.

"तुझा एक आकडा चुकला होता," मी म्हणालो. मेहुण्यासमोर दुसरं काही तोंडातून निघालंच नाही.

"कुठला?"

"केला मी दुरुस्त. आता बघ."

तिनं कळ दाबली. परतूरहून उत्तर आलं.

"बोललं! अहो, बोललं!" ती अशी उडाली, की माझा चहा सतरंजीवर. लगेच बहिणीला फोन. "आत्ता तुझ्या घरी येऊन गेल्ते मी, चहासुद्धा न्हाई विचारलास!" त्या आनंदात कुठला आकडा ते विचारायचं राहून गेलं.

साहेबांपुढं तिनं सगळं एकटीनं जोडून दाखवलं. काम मिळालं. त्या संध्याकाळी आम्ही दोघं गाडीवरून उगीचच गावभर फिरलो. फक्त तेव्हापासून ती प्रत्येक आकडा पुन्हा पुन्हा तपासते. म्हणते, "माझा हात घाईचा हाय, हे बोललेत."

आता तिच्या हाताखाली नव्या मुली आल्यात. परवा म्हणाली, "अहो, तुमचा तो जुना नमुना द्या. त्याच्याच कॉपी काढून मुलींना देते."

"आधी त्यातला ओळख सांगणारा क्रमांक काढ," मी घाईनं म्हणालो. "न्हाईतर अडतं."

"तुम्हाला कसं माहीत?"

"अडतं असं कधी कधी."

ती हसली. "बरं. मंग मुलींना माझी चूक पण सांगते. म्हंजे त्या भिणार न्हाईत."

ती सोमवारी शिकवणार आहे. त्याआधी मला तिला सांगायचंय, की तुझा आकडा बरोबर होता, चूक माझी होती, आणि मी खोटं बोललो. एवढं मी तिचं देणं लागतो.