एक शेंगदाणा कमी

परवा मी शेंगदाणा चोरून खाताना पकडला गेलो, तेव्हापासून हसू आवरत नाही. या वयात हे शोभत नाही, पण आधी जुनं सांगतो.

माझी धाकटी बहीण दहावीत असताना तिचं एक रासायनिक समीकरण मी जुळवून दिलं. हायड्रोजन आणि ऑक्सिजन मिळून पाणी. उजवीकडे ऑक्सिजन एक कमी पडत होता, म्हणून मी पाण्याच्या सूत्रातच ऑक्सिजनच्या खाली दोनचा आकडा लिहिला. आकडे जुळले, पाणी मात्र पाणी राहिलं नाही. वर्गात तिचं हसं झालं. घरी वडिलांनी विचारलं तेव्हा कॉलेजात विज्ञान शिकणारा मी म्हणालो, "मी बरोबर सांगितलं होतं. हिनेच नीट उतरवलं नाही." विज्ञान हिच्या आवाक्यातलं नाही, असं ठरवून वडिलांनी तिला गृहविज्ञान घ्यायला लावलं. तिला डॉक्टर व्हायचं होतं.

बहीण आता माझ्याच हिंदीभाषक शहरात, लक्ष्मी गेटजवळ राहते. परवा तिच्या दहावीतल्या नातीला समीकरणं अडली, म्हणून तिने मलाच बोलावलं. पोरीला मराठी कळतं, बोलते हिंदी. मी ताटलीत चणे आणि शेंगदाणे मागवले. चणे म्हणजे लोखंड, शेंगदाणे ऑक्सिजन. ऑक्सिजन जोडीनेच घ्यायचा, आणि गंजाच्या एका ढिगात दोन चणे, तीन शेंगदाणे. ढिगातलं प्रमाण बदलायचं नाही, हवे तर ढीग वाढवायचे. चार चणे आणि शेंगदाण्यांच्या तीन जोड्या मी डावीकडे मांडल्या. पोरीने तेच दाणे उजवीकडे सरकवून दोन ढीग केले.

"आजोबा, एक ऑक्सीजन कम है."

"बेटा, तूने ठीक से गिना नहीं," मी म्हणालो, आणि माझ्याच दाताखाली ऑक्सिजन कडकन फुटला.

बहीण पोळ्या लाटायची थांबली. मला तिच्याकडे बघवेना.

"मीच खाल्ला," मी म्हणालो. "आणि तेव्हाचं पाण्याचं समीकरणही मीच चुकवलं होतं. तू बरोबर उतरवलं होतंस."

"माहीत आहे," ती म्हणाली. "बाबा असताना बोलायला हवं होतंस रे."

"हो."

"एवढीशी गोष्ट बाहेर काढायला शेंगदाणा लागला?"

तिचे खांदे हलू लागले. मग पोरगी हसली, मला ठसका लागला, आणि बहिणीने पिठाच्या हाताने माझी पाठ बडवली. तव्यावरची पोळी करपली तरी कोणी उठेना.

शेवटी डोळे पुसून ती आमच्यात बसली आणि ताटली माझ्यापासून लांब सरकवली. चणे आता हायड्रोजन. चण्यांच्या दोन जोड्या, शेंगदाण्यांची एक. मग तिने पाण्याचे दोन ढीग केले, प्रत्येकात दोन चणे, एक शेंगदाणा. मिनिटही लागलं नाही.

"बघ," ती म्हणाली, "आवाक्यातलं होतं."

मग तिने दोन्ही ढीग खाऊन टाकले. मला एक दाणासुद्धा दिला नाही.