मनोरंजन कक्षातलं जाळं

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. आमच्या क्लबच्या माळ्यावर बॅडमिंटनची फाटकी शटलं साठत गेली, तसे हेही साठले. ऐंशीच्या दशकात बोईसरला एका रंगाच्या कंपनीत मी टाइम ऑफिसात क्लार्क होतो, आणि दुसरं कुणी तयार होईना म्हणून क्लबचा सेक्रेटरीही. क्लब म्हणजे कॅंटीनमागची एक लांबट खोली, दोन कॅरम बोर्ड आणि हरेश्वर.

हरेश्वर सातपाटीकडचा कोळी, पण समुद्रात शिरला की त्याला बोट लागायची. ओकणाऱ्या कोळ्याला कोण होडीवर घेणार? गावानं थट्टा केली, म्हणून हा कंपनीत आला. इथे प्लांटमधल्या वाफांनी छाती धरली, तेव्हा डॉक्टरांनी आत पाऊल टाकायचं नाही म्हणून बजावलं. समुद्र बंद, प्लांटही बंद. मग त्याला क्लब सांभाळायला दिला. "ही खोली हाय तोवर मी हाय," असं तो म्हणायचा, आणि ते अगदी खरं होतं.

*

खोलीवर पाटी लावायची ठरली तेव्हा रीतसर मीटिंग झाली. अकाउंट्समधले कर्णिक म्हणाले, 'विरंगुळा' लिहा, भारदस्त वाटतं. युनियनवाल्यांना 'करमणूक केंद्र' हवं होतं. बॉयलरवरचे यादवजी म्हणाले, सीधा 'टाइमपास' लिखो, लोग समझेंगे. हरेश्वरला विचारलं तर म्हणाला, आमच्यात नुसती मजा असते, तिची पाटी कुणी लावत नाही.

पेंटर मनोरहून आलेला. वाद मिटेना, आणि बिचाऱ्याची परतीची बस चुकली. शेवटी वरून तयार पाटी आली, 'मनोरंजन कक्ष'. तो शब्द मी पुढे कुणाच्याही तोंडून ऐकला नाही. जो तो म्हणायचा, "जरा हरेश्वरकडं जाऊन येतो."

*

एकदा क्लबतर्फे कामगारांना सिनेमा दाखवायचा होता. करमणूक कर भरावा लागेल, असं कुणीतरी भरवून दिलं, म्हणून मी पालघरच्या कचेरीत चौकशीला गेलो. तिथल्या भाऊसाहेबांनी पानाची पिंक टाकून विचारलं, तिकीट लावणार का? मी म्हटलं, नाही, फुकट आहे.

"मग ती करमणूक नव्हे," ते म्हणाले आणि पुढच्या माणसाकडे वळले.

*

तो सिनेमा मध्यावर आला आणि लाइट गेली. नायक तुरुंगात, नायिका स्टेशनवर, आणि पडदा काळा. लोक ओरडायला लागले. तेवढ्यात यादवजी उठले, म्हणाले, मैंने देखी है, आणि पुढची गोष्ट सांगू लागले. मारामाऱ्या हातवारे करून दाखवल्या, नायिकेचं रडणं तर असं रडले की कॅंटीनवाली मावशी पदर डोळ्याला लावून बसली.

लाइट आली. ऑपरेटर मशीन सुरू करायला गेला तर मागून आवाज आला, "थांब रे! आधी यादवजींचं संपू दे."

*

पुढे बाहेरच्या पटांगणातली बॅडमिंटनची जाळी फाटली. नवी मागवली, पण मागणी खरेदी विभागात जी निजली ती उठेचना. हरेश्वर म्हणाला, त्यात काय, मी विणतो. घरून नायलॉनचा दोरा आणि विणायची लाकडी सुई आणली, आणि खरंच सुरेख जाळी उभी केली.

पहिल्याच डावात कर्णिकांचं शटल त्या जाळीत तोंड खुपसून बसलं. ओढलं तर पिसं हातात, डोकं जाळीत. दुसरं गेलं, तेही तसंच. कर्णिक वैतागले, म्हणाले, हरेश्वर, शटल अडकून उपयोग नाही.

"सायेब," तो शांतपणे म्हणाला, "अडकत नाय त्याला आमी जाळं म्हणत नाय."

*

बॅडमिंटन तिथेच संपलं, पण सुई राहिली. त्याला रिकामं बसवत नसे. खिडकीच्या गजाला दोरा बांधून तो जाळं विणत बसायचा. त्याच्या गावात पावसाळ्यात होड्या ओढून ठेवल्या की पुरुषमंडळी अशीच बसतात. हात चालू लागला की तोंड सुटतं, असं त्याचं म्हणणं. एके दिवशी यादवजींनी सुई मागितली. मग कर्णिकांनी. बघता बघता कॅरमवर धूळ बसली, आणि सुटलेल्या शिफ्टची पंधरा-वीस माणसं एकाच जाळ्याभोवती बसून गाठी मारत गप्पा हाणू लागली. मीही त्यात होतो. असं हसणं मी नंतर कुठल्याच क्लबात ऐकलं नाही.

मग नवे मॅनेजर आले. त्यांना कच्च्या मालाची पोती ठेवायला जागा हवी होती, आणि आमची खोली डोळ्यांत भरली. त्यात कुणीतरी कान फुंकले, की हरेश्वर भावाच्या होडीसाठी कंपनीच्या जागेत फुकट जाळी विणून घेतो. आता खोलीही जाणार आणि माणूसही. मला तर त्या दुपारी डबा गेला नाही.

पहिली शिफ्ट सुटल्यावर साहेब दारात उभे राहिले. सगळ्यांचे हात थांबले.

"हे काय चाललंय?"

"टाइमपास, साहब," यादवजी म्हणाले. कर्णिक पुटपुटले, विरंगुळा. मी सेक्रेटरी, म्हणून पाटीकडे बोट दाखवलं.

"हा धंदा आहे," साहेब म्हणाले. "कुठल्या होडीवर जाणार हे?"

हरेश्वर उठला. जाळ्याचं टोक त्यानं साहेबांच्या हातात दिलं आणि ओढा म्हणाला. साहेबांनी ओढलं. गाठी एकामागून एक सरकल्या आणि हातभर भोक पडलं.

"ह्याच्यात मासा राहील का, सायेब? ह्यांची एक गाठ टिकत नाय. रोज घरी नेतो, बायको उसवते, सकाळी दोरा परत आणतो."

"मग कशासाठी?"

हरेश्वरला या प्रश्नाचाच अर्थ कळला नसावा. त्यानं साहेबांपुढे सुई धरली.

साहेब जरा घुटमळले, मग बाकावर टेकले. हरेश्वरनं एकदा दाखवलं. साहेबांनी कपाळाला आठ्या घालून एक गाठ मारली, घट्ट ओढली आणि म्हणाले, "बघा."

हरेश्वरनं ती ओढून पाहिली. पुन्हा जोरात ओढली. सरकली नाही.

"टिकली, सायेब," तो हळूच म्हणाला. "आता ह्याला काम म्हणावं लागंल."

साहेबांनी गाठीकडे पाहिलं. नखानं उकरून उकरून ती सोडवली.

"पुन्हा दाखव," ते म्हणाले, आणि बाकावर नीट मागे सरकून बसले.