वायरमनच्या अंगणातला कांचन

वीज खात्यात त्याची चौतीस वर्षं गेली, त्यातली निम्मी झाडांवर. तारांना लागणाऱ्या फांद्या तोडणं हे त्याचं काम. खांद्यावर शिडी घेऊन तो गल्लीत शिरला की बायका म्हणायच्या, "आला बाई झाडांचा न्हावी!" तोही हसून सांगायचा, "केस परत वाढतात वहिनी, काळजी नको." निवृत्त झाल्यावरही सगळे त्याला वायरमनच म्हणत.

निवृत्तीच्या वर्षीच बायकोची उजवी बाजू गेली. बोलणं तेवढं शाबूत राहिलं. "तोंड वाचलं, हे तुमचं नशीब," ती म्हणायची. मागची खोली अरुंद, म्हणून तिची खाट पुढच्या खोलीत खिडकीला लागून टाकली. ती खिडकी पश्चिमेची. उन्हाळ्यात दुपारी दोन ते सहा ऊन थेट तिच्या अंगावर यायचं. तो खिडकीवर ओली चादर टांगायचा. मग ऊन थांबायचं, पण वाराही थांबायचा आणि रस्ता दिसेनासा व्हायचा.

"चादरीवर एकशे बारा फुलं आहेत," ती एकदा म्हणाली. "रोज मोजते. अहो, दारात एक खरं झाड लावा की. सावलीचं, फुलांचं. जन्मभर लोकांची तोडलीत, एक आपलं लावा."

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी त्याला दवाखान्याच्या जिन्यात बाजूला घेऊन सांगितलं होतं, "त्यांची चार-पाच वर्षं धरून चाला." त्याने ते घरी सांगितलं नाही. त्या चार-पाच वर्षांत तिच्या खिडकीवर सावली यायला हवी, एवढंच त्याने मनाशी धरलं.

रोपवाटिकेतल्या बाईने गुलमोहर पुढे केला. "भराभर वाढतो, काका. छत्रीच जणू."

"तो नको."

कारण त्याने सांगितलं नाही. त्याचा कामावरचा जोडीदार गुलमोहरावरच गेला होता. वाऱ्याने फांदी वाकली आणि तारेला टेकली. खाली दोर धरून हाच उभा होता. तेव्हापासून तारेच्या दहा फुटांत झाड दिसलं की त्याच्या तळहातांना घाम फुटायचा.

अंगणावरून तार गेलेली होती. उजवीकडच्या खांबावरून निघून ती बरोबर खिडकीसमोरून घरात यायची. तो दहा फुटी बांबू घेऊन अंगणात मापं घेत फिरू लागला. नीलमोहर फार उंच जातो. बहावा ऐन उन्हाळ्यात पानं गाळतो, मग सावली कसली? एकाचं लाकूड ठिसूळ, दुसऱ्याची मुळं घराच्या पायात घुसतात. प्रत्येक झाडाकडे तो तोडणाऱ्याच्या नजरेने बघायचा: कुठून मोडेल, कुठे पडेल. यात दीड वर्ष गेलं.

"लग्नाला हो म्हणायला तुम्हाला दहा मिनिटं लागली होती," ती म्हणाली.

"तेव्हा वर तार नव्हती."

"झटका मात्र बसला ना?"

दोघंही हसले. तिला हसताना खोकला आला, तेव्हा त्याने पाणी पाजलं.

शेवटी कांचन ठरला. मध्यम उंचीचा, दाट पानांचा, तीन वर्षांत फुलणारा. तारेपासून दहा फूट मोजून त्याने अंगणाच्या डाव्या कोपऱ्यात खड्डा खणला. तो कुदळ घेऊन तिकडे जाताना तिने खिडकीतून पाहिलं होतं. काही बोलली नाही.

त्याने ते झाड जिवापाड जपलं. चौथ्या उन्हाळ्यात कांचन डवरला. एका दुपारी तीन वाजता त्याने मोठ्या आशेने चादर काढली. ऊन तिच्या तोंडावर आलं, होतं तसंच.

तो बाहेर गेला. सावली पडली होती, चांगली गार, दाट. पण डावीकडच्या घराच्या पायरीवर. तिथे शेजारचा म्हातारा शिंपी खुर्ची टाकून काजं करत बसला होता. "वायरमन, फार उपकार झाले हो!" तो म्हणाला. "दुपारचा आता मी इथेच असतो."

वायरमन आत आला, खाटेच्या कडेवर बसला.

"सावली तिकडे पडतेय."

"हो. उन्हाळ्यात सूर्य खांबाच्या बाजूने उतरतो. मी इथे पडून दुसरं काय बघते?"

"तुला ठाऊक होतं?"

"खड्डा खणलात त्याच दिवशी."

"मग बोलली का नाहीस गं?"

"तारेखाली लावा म्हटलं असतं, तर लावलं असतंत?"

लावलं नसतं, हे दोघांनाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी तो रोपवाटिकेत गेला. झाड हलवता येईल का, असं त्याने विचारलं. बाईने मान हलवली. "मुळं धरली त्याने, काका. आता काढलंत तर जाईल. दुसरं लावा ना, तीन वर्षांत येईल."

त्याने बोटांवर तीन मोजले आणि मूठ मिटली. मागच्या खेपेला डॉक्टर वर्षांबद्दल काही बोललेच नव्हते.

घरी येऊन त्याने चादर बादलीत बुडवली, पिळली आणि खिडकीवर टांगली.

"फुलं कुठल्या रंगाची आली हो?" तिने विचारलं. खाटेवरून तो कोपरा दिसत नव्हता.

"गुलाबी. जरा जांभळट."

"बरं." तिने डोळे मिटले. "उजवीकडे थोडी ओढा. तिथून ऊन येतंय."

त्याने चादर ओढली.